दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी मराठी पुस्तक निवडताना

मराठी वाचायला शिकलेल्या मुलाच्या बाबतीत पालकांची एक फसगत हमखास होते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते पुष्कळसे सरळ असल्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरे बसली की मूल समोर येईल ते म्हणून दाखवू लागते. अडखळत का होईना, वर्तमानपत्राचा अग्रलेखसुद्धा ते म्हणून दाखवते. ते ऐकून घरातले खूश होतात, याला आता ‘वाचता येते’ असे ठरवतात आणि वाढदिवसाला दीडशे पानांचे पुस्तक त्याच्या हातात ठेवतात. चार दिवसांनी ते पुस्तक कपाटात जाते आणि मुलाला वाचनाची आवडच नाही, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक मुलाला उच्चार जमत होते. वाचता वाचता अर्थ लावत पुढे जाण्याचा सराव झालेला नव्हता. इंग्रजीत मुलाला शब्दच वाचता आला नाही की पुस्तक अवघड असल्याचे तिथल्या तिथे कळते. मराठीत ते अस्खलित उच्चारांमागे दडून राहते. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांमध्ये एकच गोष्ट धरून चालायची आहे: मूल काय उच्चारू शकते ते बाजूला ठेवून, एकटे वाचताना त्याला काय समजते ते पाहायचे आणि पुस्तक त्यावरून निवडायचे.

हा लेख साधारण सात ते दहा वर्षांच्या, म्हणजे दुसरी ते चौथीतल्या मुलांविषयी आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला वयोगट आणि मुलाची इयत्ता या दोन्ही गोष्टी निवडीच्या वेळी दुय्यम मानाव्यात. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या वाचनात दोन वर्षांचेही अंतर असू शकते आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते.

पहिली पायरी: मूल आज कुठे आहे ते पाहणे

यासाठी मुलाने पूर्वी न पाहिलेला मजकूर घ्यावा. पाठ्यपुस्तकातला धडा उपयोगी पडत नाही, कारण तो वर्गात इतक्या वेळा म्हटलेला असतो की मूल अर्धे आठवणीतून बोलत असते. एखाद्या गोष्टीचे एक पान त्याला मोठ्याने वाचायला सांगावे, मध्ये न टोकता ऐकावे आणि ते कशावर अडते याकडे लक्ष द्यावे.

काही मुले अजून अक्षरांवरच अडत असतात: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत गल्लत होते. काहींना अक्षरे पक्की येतात, पण ‘र’ची वेगवेगळी रूपे चकवतात, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार प्रकारे बसलेला आहे, हे आपल्याला जाणवतही नाही, मुलाला मात्र ते चार वेळा शिकावे लागते. ‘द्ध’, ‘द्य’, ‘द्व’, ‘ह्म’ यांसारखी चिकटलेली जोडाक्षरेही याच टप्प्यातली. तिसऱ्या प्रकारच्या मुलांना सगळे वाचता येते, पण ती ‘करवत’ हा शब्द चार पूर्ण अक्षरे सुटी म्हणावीत तसा वाचतात. शब्द कानांना ओळखीचा होण्याआधीच ती पुढच्या शब्दावर गेलेली असतात.

अर्थ लागतो आहे की नाही, याची एक खूण मराठीत फुकट मिळते. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार छापील अक्षरात वेगळे दाखवले जात नाहीत. ‘जगात जगायचे कसे’ एवढ्याच शब्दांत पहिला ‘ज’ निराळा आणि दुसरा निराळा आहे, आणि कोणता कुठे हे केवळ अर्थावरून ठरते. जे मूल असा शब्द आधी चुकीचा उच्चारते, क्षणभर थांबते आणि आपणहून दुरुस्त करते, ते अर्थासह वाचत आहे, असे निश्चित समजावे. जे चुकीचा उच्चार तसाच ठेवून त्याच वेगात पुढे जाते, त्याचे लक्ष अजून अक्षरांत गुंतलेले आहे.

पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ‘काय झाले गोष्टीत?’ एवढेच विचारावे. परीक्षेसारखे प्रश्न नकोत. मूल स्वतःच्या शब्दांत, घरी बोलते तसे सांगत असेल तर उत्तम. छापील वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत असेल तर समजले असेलच, असे नाही.

यानंतर त्याच मुलाला थोडी अवघड गोष्ट आपण वाचून दाखवावी आणि कानाने ऐकून त्याला किती समजते ते पाहावे. बहुतेक मुलांची ऐकण्याची पातळी वाचण्याच्या पातळीच्या पुष्कळ पुढे असते. या दोन पातळ्या कळल्या की घरात दोन वेगळे गठ्ठे लागतील, हे लक्षात येते: एक मुलाने स्वतः वाचायचा आणि दुसरा त्याला वाचून दाखवायचा. बहुतेक चुकीच्या खरेदीचे मूळ हे असते की दुसऱ्या गठ्ठ्यातले पुस्तक पहिल्या गठ्ठ्यासाठी आणले जाते.

जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या, लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवलेले आहे. शाळेला अशा मोजपट्टीची गरज असते. घरी घड्याळ लावून वाचन घेऊ नये. मुलाला वेगाची शर्यत लागली की आकडा लक्षात राहतो आणि ‘अर्थ समजून’ ही अट गळून पडते.

दुसरी पायरी: पान पारखणे

पुस्तक हातात आले की गोष्ट वाचण्याआधी पान उघडून थोडे लांब धरावे आणि त्याची मांडणी पाहावी. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे शेपूट. दोन ओळींमधले अंतर कमी असेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो आणि नवख्या वाचकाची ओळ सुटते. अक्षर मोठे असूनही ओळी दाटीने बसवलेली पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत; त्यांपेक्षा थोडे लहान अक्षर आणि सुटसुटीत ओळी बऱ्या.

दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून शब्दांमधली मोकळी जागा ताणलेली असेल किंवा ओळीच्या शेवटी शब्द तोडलेले असतील, तर तेही पुस्तक या टप्प्यावर टाळावे. चांगल्या बालपुस्तकात ओळ अर्थाच्या तुकड्यावर संपते. ‘आजीने खिडकी उघडली’ एवढे एका ओळीवर आणि ‘तर बाहेर माकड बसलेले’ हे पुढच्या ओळीवर असेल, तर संपादकाने मुलाचा विचार केला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

अक्षरांच्या वळणाकडेही लक्ष द्यावे. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार शालेय पुस्तकांत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरले जातात. काही अनुवादित पुस्तकांत आणि संगणकावरच्या बऱ्याच मजकुरात मात्र हिंदी वळणाची अक्षरे येतात. सराईत वाचकाला याचा त्रास होत नाही. दुसरीतले मूल मात्र तिथे अडखळते आणि आपल्यालाच येत नाही, असे समजते. एकदा दाखवून दिले की प्रश्न मिटतो, पण पहिल्या काही पुस्तकांत तरी ही भर नको.

चित्रांनी या वयात अर्थाला हात द्यायचा असतो. चित्र गोष्टीत नसलेले काही सांगत असेल, कोपऱ्यातल्या मांजराचे निराळेच काही चाललेले असेल, तर मूल त्याच पानावर पुन्हा पुन्हा येते. वाक्यात लाल साडी आणि चित्रात निळी, अशी पुस्तके मुले आपल्या आधी पकडतात आणि त्या पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडतो.

तिसरी पायरी: भाषा पारखणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. दुकानदार आणि अनेक पालक सोपेपणा एकाच गोष्टीवरून ठरवतात: पुस्तकात जोडाक्षरे आहेत की नाहीत. ‘जोडाक्षरविरहित गोष्टी’ या प्रकारच्या पुस्तकांना त्यामुळेच मोठी मागणी असते. पहिलीच्या अखेरीस काही महिने त्यांचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. सबंध पान आपण एकट्याने वाचले, याचा आनंद मुलाला त्यांतून मिळतो. परंतु मराठीत जोडाक्षर टाळून फार काळ गोष्ट सांगता येत नाही. ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘तिच्या’, ‘माझ्या’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ हे शब्द टाळले की माणसांनी एकमेकांशी बोलायचे कसे? मूळ शब्द साधा असला तरी प्रत्यय लागताच जोडाक्षर उगवते: घोडा, पण घोड्यावर, पाणी, पण पाण्यात, रस्ता सोडाच, साधा दिवासुद्धा दिव्याखाली अंधार करतो. हे सगळे वगळून लिहिलेली वाक्ये ‘कमल, घर बघ, बदक बघ’ या वळणाची होतात आणि आठ वर्षांच्या मुलाला त्यांत स्वारस्य उरत नाही. दुसरीच्या मध्यापासून अशी पुस्तके मागे ठेवावीत, असे माझे मत आहे.

पुस्तक अवघड करणारी खरी गोष्ट वाक्याची बांधणी असते. पुढील दोन नमुने पाहावेत. पहिला असा: ‘नदीच्या पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका छोट्याशा गावात राहणारा, अत्यंत कष्टाळू परंतु निर्धन असा एक लाकूडतोड्या होता.’ दुसरा असा: ‘डोंगराखाली एक गाव होते. तिथे एक लाकूडतोड्या राहायचा. रोज पहाटे तो कुऱ्हाड घ्यायचा आणि नदी ओलांडून जंगलात जायचा. दिवसभर घाम गाळायचा. तरी संध्याकाळी त्याचा खिसा रिकामाच!’ दुसऱ्या नमुन्यातही ‘लाकूडतोड्या’, ‘कुऱ्हाड’, ‘घ्यायचा’, ‘संध्याकाळी’ अशी जोडाक्षरे आहेत, पण मुलाला तो सहज पेलतो. पहिल्या नमुन्यात कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे वाक्याच्या अगदी शेवटी कळते आणि तोवर नदी, डोंगर, पायथा, गाव, कष्ट आणि दारिद्र्य एवढे सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. नवखा वाचक शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. पुस्तक चाळताना कोणतीही तीन पाने उघडावीत आणि क्रियापदापर्यंत पोहोचायला किती वाट पाहावी लागते, हे पाहावे. दुसरीसाठी पाच-सहा शब्दांची वाक्ये आणि चौथीसाठी मधूनच एखादे दहा-बारा शब्दांचे वाक्य, हा अंदाज ठीक ठरतो.

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्दांची संख्या मोजून पातळी ठरवणेही फसवे असते. ‘झाडाखालच्यांना’ हा एकच शब्द, पण त्यात तीन-चार शब्दांचा अर्थ भरलेला आहे. इंग्रजीतून आलेल्या पुस्तकावर छापलेली शब्दसंख्या किंवा पातळी मराठी आवृत्तीला जशीच्या तशी लागू पडत नाही, ती यामुळे.

संवाद भरपूर असलेली पुस्तके या वयात उत्तम चालतात. बोलणे मुलाच्या कानाला आधीच ओळखीचे असते, परिच्छेद छोटे होतात आणि पानावर मोकळी जागा दिसते. निवेदनात ‘केलं, झालं, गेलं’ अशी बोलण्यातली रूपे आहेत की ‘केले, झाले, गेले’ अशी, यावरून पुस्तक नाकारू नये. मुले दोन्ही सहज स्वीकारतात. निवेदनात ‘सदैव’, ‘तथापि’, ‘व्यतीत केले’ असे शब्द ओळीने येऊ लागले, तर मात्र तो लेखक मुलांशी बोलत नाही, असे समजून पुस्तक खाली ठेवावे. अनुवादित पुस्तकाचे एक पान दुकानातच हळू आवाजात वाचून पाहावे. जे वाक्य आपल्याला मोठ्याने म्हणताना परके वाटते, ते मुलाला दुप्पट परके वाटणार.

चौथी पायरी: बोटांची चाचणी, मराठीसाठी थोडी बदललेली

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी पाच बोटांची एक चाचणी प्रचलित आहे. मुलाने एक पान वाचायचे, न आलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे आणि पाचही बोटे मिटली तर पुस्तक सध्या अवघड मानायचे. मराठीत ती तशीच वापरली तर बोटे मिटतच नाहीत, कारण शब्द ‘येतो’. फक्त समजत नाही. म्हणून मुलाला सांगावे की जो शब्द वाचल्यावर डोळ्यांसमोर काहीच आले नाही किंवा जे वाक्य परत वाचावे लागले, त्याला बोट मिटायचे. मोठ्या, भरलेल्या पानावर दोन-तीन बोटे मिटली तर पुस्तक योग्य आहे. चार-पाच मिटली तर ते वाचून दाखवण्याच्या गठ्ठ्यात घालावे. चित्रपुस्तकाच्या पानावर तीसच शब्द असतील, तर दोन बोटेही जास्त झाली. एकही बोट मिटले नाही तरी पुस्तक नाकारण्याचे कारण नाही. सोपे पुस्तक भराभर वाचूनच वेग आणि आत्मविश्वास येतो.

ही चाचणी घरी किंवा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, दोघांतच करावी. दुकानदार किंवा पाहुण्यांसमोर मूल सगळेच ‘माहीत आहे’ म्हणते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पाचवी पायरी: मधली जागा भरून काढणे

मराठी बालसाहित्याची एक अडचण मोकळेपणाने मान्य करायला हवी. अगदी लहानांसाठीची चित्रपुस्तके आता चांगली मिळतात आणि दहा-बारा वर्षांपुढच्यांसाठी साहसकथांपासून कुमार कादंबऱ्यांपर्यंत भरपूर लेखन झालेले आहे. या दोहोंच्या मधली, म्हणजे चाळीस ते ऐंशी पानांची, छोट्या प्रकरणांची, मोठ्या अक्षरांची आणि प्रत्येक प्रकरणात एखादेच चित्र असलेली पुस्तके मात्र कमी आहेत. याच फटीत पुष्कळ मराठी मुले वाचनातून गळतात आणि इंग्रजी मालिकांकडे वळतात. ही जागा पालकांना वेगवेगळ्या प्रकारच्या पुस्तकांनी भरून काढावी लागते.

सुरुवात सोळा ते चोवीस पानांच्या चित्रगोष्टींनी करावी. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आणि प्रथम बुक्स यांच्या मराठी पुस्तकांत या टप्प्याला योग्य असे पुष्कळ आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर हजारो गोष्टी मोफत वाचता आणि उतरवून घेता येतात आणि त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत: पहिली सुमारे २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६००पर्यंत, तिसरी १,५००पर्यंत आणि चौथी त्यापुढची. वर म्हटल्याप्रमाणे ही विभागणी दिशादर्शक मानावी आणि प्रत्येक गोष्ट आपण आधी वाचावी. तिथले अनुवाद अनेक हातांनी केलेले असल्यामुळे काही फार सुरेख, तर काही ओबडधोबड आहेत.

यानंतर एकाच पात्राच्या अनेक गोष्टी असलेली पुस्तके शोधावीत. पहिल्या गोष्टीत घर, माणसे आणि त्यांचे स्वभाव कळले की दुसऱ्या गोष्टीत मुलाचे निम्मे श्रम वाचतात आणि त्याचे सगळे लक्ष घटनांवर राहते. मुले मालिका मागतात ती याच कारणाने. ‘तेच तेच काय वाचतोस?’ असे म्हणून त्यांना तोडू नये.

सुट्या गोष्टींचे संग्रह आणि मासिके हा तिसरा मार्ग. एका बैठकीत संपणारी चार पानांची गोष्ट वाचल्याने मोठ्या पुस्तकाची धास्ती हळूहळू जाते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. त्यातला बराच मजकूर चौथीच्या पुढचा असला, तरी कोडी, कविता आणि छोट्या गोष्टी तिसरीतल्या मुलालाही जमतात. दिवाळीत निघणारे बालकुमार अंक घेऊन ठेवले तर वर्षभर पुरतात.

कवितेला पालक या वयात उगाच बाजूला सारतात. यमक आणि ताल यांच्यामुळे पुढचा शब्द मुलाला आधीच सुचतो, आणि असा अंदाज बांधत वाचणे म्हणजेच अर्थासह वाचणे. गमतीची बालगीते, उखाणे, कोडी, नाट्यछटा आणि चित्रकथा हे सगळे वाचनच आहे. काही मुलांना, आणि ती थोडीथोडकी नसतात, गोष्टींपेक्षा माहितीची ओढ असते: साप, रेल्वे, किल्ले, ग्रह, क्रिकेट. त्यांच्या हातात परीकथा कोंबण्यापेक्षा छोट्या मथळ्यांची, चित्रांखाली दोन-दोन ओळी असलेली माहितीपुस्तके द्यावीत. त्यांतले अवघड शब्दही मूल आवडीपोटी पचवते.

जुनी श्रेष्ठ पुस्तके कधी द्यावीत, हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हाचे कोकणातले घर, नाती, चालीरीती आणि भाषा आजच्या आठ वर्षांच्या मुलाच्या अनुभवाबाहेरची आहेत. एकेका रात्री एकेक आठवण, अशी त्याची रचना असल्यामुळे ते मोठ्याने वाचून दाखवायला फार सोयीचे आहे. दुसरी-तिसरीत ते मुलाच्या हाती एकट्याने वाचायला देऊन घाई करू नये. वाचून दाखवावे, आणि पुढे पाचवी-सहावीत मूल ते आपणहून उघडेल अशी संधी ठेवावी.

सहावी पायरी: विषय मुलाला निवडू देणे

पातळी आपण पाहावी, विषय मुलाने ठरवावा. व्यवहारात याची सोपी रीत अशी की आपण चाळून योग्य वाटलेली पाच-सहा पुस्तके समोर ठेवावीत आणि त्यांतून दोन त्याने उचलावीत. मुखपृष्ठ पाहून निवडले तरी चालेल. आपणही तेच करतो.

बोधकथा आणि थोर व्यक्तींची चरित्रे ही आपल्याकडची ठरलेली भेट. स्वस्त असतात, संस्कारही होतात, असा दुहेरी हिशेब त्यामागे असतो. तात्पर्य शेवटी ठळक अक्षरांत छापलेली गोष्ट मुले दोन-तीनदा वाचतात आणि नंतर तात्पर्यावरूनच गोष्ट ओळखू लागतात. जन्मतारखेने सुरू होऊन पुण्यतिथीने संपणाऱ्या छोट्या चरित्रांत माणूस सापडत नाही. त्याऐवजी त्याच व्यक्तीच्या बालपणातला एखादा प्रसंग रंगवून सांगणारे पुस्तक घ्यावे. चाळताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे: गोष्टीतली आई नेहमी स्वयंपाकघरात, वाईट माणूस नेहमी काळा आणि खेड्यातला माणूस नेहमी भोळा असेल, तर ते पुस्तक मागे ठेवावे.

सातवी पायरी: घरची भाषा आणि शाळेची भाषा लक्षात घेणे

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची स्थिती वेगळी असते. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य झाले असले, तरी या मुलांचा मराठी वाचनाचा सराव आठवड्यातल्या काही तासिकांपुरताच असतो. चौथीतले असे मूल दुसरीच्या पातळीचे मराठी वाचते, मात्र त्याची समज आणि आवड चौथीचीच असते. त्याला ससा-कासवाचे पुस्तक दिले तर त्याला अपमान वाटतो. अशा वेळी विनोद, चित्रकथा, कोडी, विज्ञानाचे प्रयोग असे, विषयाने मोठे आणि वाक्यांनी छोटे साहित्य शोधावे. त्याने इंग्रजीत आधी वाचलेल्या गोष्टीचा चांगला मराठी अनुवाद मिळाला, तर तोही हाताशी ठेवावा. कथानक माहीत असल्यामुळे भाषेवर लक्ष देता येते. परदेशात शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. त्यांच्या बाबतीत एक अडचण जास्त असते: देऊळ माहीत असले तरी ‘देवळात’, पाऊस माहीत असला तरी ‘पावसात’ ही रूपे कानांवरून फारशी गेलेली नसतात. त्यांना आधी ऐकवून मग वाचायला द्यावे.

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा आणखी कोणती बोली घरात असलेल्या मुलाला छापील प्रमाण मराठी ही अर्धी नवी भाषा असते. त्याने ‘नाही’ वाचून ‘न्हाई’ म्हटले, तर ती वाचनातली चूक धरू नये. उलट अर्थ लागल्याचा तो पुरावा आहे. जिथे मिळतील तिथे संवाद बोलीत असलेली पुस्तके त्याला मुद्दाम द्यावीत.

आठवी पायरी: विकत घेणे, आणणे आणि सोडून देणे

या टप्प्यावर मुलाला महिन्याला आठ-दहा छोटी पुस्तके सहज लागतात. सगळी विकत घेणे बहुतेकांना शक्य नाही आणि आवश्यकही नाही. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे आहे आणि मोठ्या ग्रंथालयांत बालविभाग असतो. सभासद होण्याआधी तिथे मुक्तद्वार पद्धत आहे का, म्हणजे मुलाला स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळता येते का, हे जरूर विचारावे. काउंटरवर यादी पाहून पुस्तक मागायचे असेल, तर या वयाच्या मुलासाठी ते ग्रंथालय असून नसल्यासारखे आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर असाल तर २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालेल्या भिलारला मुलांना घेऊन थांबावे. घरांच्या ओट्यांवर बसून हवे ते पुस्तक काढायची मोकळीक मुलांना एरवी कुठे मिळत नाही.

ग्रंथालयातून आणलेले जे पुस्तक मूल परत द्यायला कुरकुरते, ते विकत घ्यावे. खरेदीचा याहून चांगला निकष मला सापडलेला नाही.

नवे, थोडे मोठे पुस्तक सुरू करताना पहिली काही पाने आपण वाचून दाखवावीत. गोष्टीची सुरुवातच सर्वांत अवघड असते, कारण सगळी नावे, जागा आणि नाती तिथेच येतात. पुढे एक पान आपण आणि एक पान त्याने, असे करत प्रकरण संपवावे आणि उत्कंठा वाढली की काही काम काढून उठावे. वीस पानांनंतरही मूल रमले नाही, तर पुस्तक सोडायची मुभा असावी. पैसे वाया गेल्याचे बोलून दाखवू नये. ते पुस्तक सहा महिन्यांनी पुन्हा समोर ठेवता येते. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचणे हा आळस नसतो. पाचव्या वाचनात मूल अक्षरांच्या ओझ्यातून पूर्ण मोकळे झालेले असते.

पातळी वाढवण्याची वेळ आल्याच्या खुणा स्पष्ट असतात: ओठ न हलवता मनात वाचणे सुरू होते, हाक मारली तरी ऐकू जात नाही, आणि गोष्ट सांगताना पात्रांविषयी ‘त्याने असे करायला नको होते’ अशी मते येऊ लागतात. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी. पाने वाढवली तर वाक्ये सोपी ठेवावीत; भाषा थोडी चढी घेतली तर गोष्ट छोटी निवडावी.

तिसरी संपत आली तरी मूल अक्षरांवरच अडत असेल, ओळी सुटत असतील, वाचल्यावर डोके दुखते असे म्हणत असेल किंवा बोलण्यात हुशार असूनही वाचन टाळत असेल, तर पुस्तक बदलून उपयोग होणार नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यांत दोष नसेल तर वर्गशिक्षकांशी बोलून अध्ययन-अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकण्यात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. मुंबईसारख्या शहरांत काही सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत तशी सोय आहे आणि निदान झाल्यास शाळेत व पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तपासणीला वेळ लागतो. त्या काळात मुलाने स्वतः वाचावे हा आग्रह सैल करावा आणि वाचून दाखवण्याचा गठ्ठा मात्र मोठा ठेवावा.